भार आणि आधार

धारहून अमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर तिरला हे गाव लागते. मराठ्यांच्या माळव्यातील मोहिमांविषयी ज्यांनी थोडेफार वाचले असेल त्यांना हे नाव अगदीच अनोळखी वाटणार नाही. दयाबहादुराचा पराभव तिरल्याच्या परिसरात झाला असे जुने इतिहासकार लिहीत. पुढील संशोधकांनी ती लढाई २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यानजीक झाल्याचे दाखविले. ते काही असो. त्यानंतरच्या काळात पवारांची राज्ये धारला व देवासला स्थिरावली आणि त्यांच्या पाठोपाठ शिलेदार, कारकून, पुरोहित अशी कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात आली व येथेच रुजली. अशाच एका घरी गेल्या नवरात्रात चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे ज्या प्रश्नाचा निवाडा आमच्याकडे सोपविण्यात आला तो वरकरणी इतका क्षुल्लक होता, की तो वाचकांपुढे मांडावा की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु परतल्यावरही तो मनातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न एका जुन्या पिकअप गाडीचा होता. यजमान, ज्यांना सारे गाव काकासाहेब म्हणून ओळखते, यांच्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ सेवा केलेली एक मालवाहू पिकअप आहे. सोयाबीन आणि गहू मंडीत न्यावा, खताच्या गोण्या आणाव्यात आणि घरच्या उत्सवाच्या वेळी मूर्ती, भांडीकुंडी, शामियाना, सारे काही तिच्यातून वाहून न्यावे, असा तिचा क्रम. तिच्या पुढच्या चाकांवरचे कमानपाटे आता थकले होते. काळ्या मातीचा हा प्रदेश. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यावरून गेलेला रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो. त्या रस्त्यावर गाडी चालविणाऱ्याच्या पाठीचा कणा म्हणजे जणू आणखी एक पाटाच होऊन जातो. गाडी हाकणाऱ्या पुतण्याने म्हणून एक योजना काढली होती. पुढचे पाटे काढून टाकावेत, त्यांच्या जागी रबराचे हवाफुगे बसवावेत, गाडीत एक लहान कंप्रेसर व हवेची टाकी ठेवावी, आणि चालकाने बसल्या जागी कळ दाबून हवा हवी तेवढी भरावी किंवा सोडावी. पुढचे काम यंदा आणि मागचे पुढील वर्षी, असा त्याचा बेत होता. परदेशातील जुन्या पिकअपगाड्यांवर असे काम हौसेने करतात. त्याची चित्रे त्याने आम्हांस दाखविली. काकासाहेबांचा मात्र ठाम नकार होता. "गाडी लोखंडावर उभी राहते, वाऱ्यावर नाही," एवढेच ते म्हणत. पुतण्या म्हणे, "काका, चारही टायरांत वाराच तर भरला आहे!" दोघांनी मिळून आम्हांस पंच केले.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की अपघाताच्या क्षणी प्रवाशापुढे उघडणारी जी संरक्षक पिशवी आजच्या मोटारींत असते, तिचा आणि या हवाफुग्यांचा काही संबंध नाही. हे फुगे म्हणजे चाक व गाडीचा सांगाडा यांच्यामधील रबरी उशा होत. पुतण्याच्या उत्तरात तथ्यही होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली हवाभरल्या चाकाचे पेटंट घेतले. त्या काळी ते कोणास नको होते. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसविले आणि जग त्यावरून धावू लागले. चाकाभोवती हवा चालते, तर चाकाच्या वर का चालू नये, हा विचार त्यानंतर येणे स्वाभाविकच होते. १९५४ साली अमेरिकेतील ग्रेहाउंड कंपनीच्या मोठ्या बसगाड्या अशा हवाउशांवर धावू लागल्या. आपल्या देशातही २००१ पासून आलेल्या व्होल्वो बसगाड्यांनी ही सोय सामान्य प्रवाशांच्या परिचयाची केली. रात्रीच्या प्रवासात त्या बसमध्ये ज्यांना सुखाची झोप लागली, त्यांनी तरी वाऱ्यावर गाडी उभी राहत नाही असे म्हणू नये.

या हवाउशीत एक गुण असा आहे, की जो पोलादात नाही. पोलादी पाट्याची ताठरता कारखान्यात ठरते आणि ती बदलत नाही. गाडी रिकामी असेल तेव्हा तोच पाटा फार कडक वाटतो, आणि गाडी भरली की तो वाकतो व गाडी खाली बसते. हवेचे तसे नाही. भार वाढला की उंची पूर्ववत करण्यासाठी आपण फुग्यातील दाब वाढवितो; दाबाबरोबर उशीची ताठरताही वाढते. परिणामी रिकाम्या गाडीचे डुलणे आणि भरल्या गाडीचे डुलणे यांची लय जवळजवळ एकच राहते. चांगल्या गाडीचा देह सेकंदाला एखाद-सव्वा वेळ हेलकावतो, आणि पायी चालण्याची सवय असलेल्या मनुष्यदेहाला ती संथ लय मानवते. ओझे कमीजास्त झाले तरी ज्याची लय ढळत नाही त्याला आपण स्थितप्रज्ञ म्हणतो. तेव्हा या यंत्राकडे केवळ छचोर हौस म्हणून पाहणे न्यायाचे होणार नाही, असे आम्ही काकासाहेबांना प्रथमच सांगितले.

ज्या धारानगरीच्या छायेत आम्ही बसलो होतो तिचा राजा भोज हाही यंत्रांचा द्वेष्टा नव्हता. त्याच्या नावे असलेला अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ १९२४-२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. त्यातील एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू ही यंत्रांची बीजे होत, असे तेथे मानले आहे. म्हणजे वायूवर भिस्त ठेवणे हे आपल्या परंपरेला अगदीच परके नव्हे. त्याच अध्यायात चांगल्या यंत्राचे जे गुण सांगितले आहेत त्यांत सांधे नीट जुळलेले असावेत, आवाज नसावा, यंत्र फार सैल नसावे आणि फार आवळलेलेही नसावे, असे गुण येतात. गाडीच्या पाट्याविषयी आजच्या अभियंत्याला विचारले तर तोही याहून फारसे निराळे सांगणार नाही. दुसरीकडे, याच धारमध्ये लाट मशिदीच्या आवारात त्या काळातील प्रचंड लोहस्तंभ तीन तुकडे होऊन पडला आहे. तुकड्यांची एकत्रित लांबी तेरा मीटरांहून अधिक आणि वजन सुमारे सात टन. लोखंड अभंग असते, असे धारच्या मनुष्याने तरी फार आग्रहाने म्हणू नये.

तेव्हा जुने ते जुने म्हणून राखावे, हा युक्तिवाद आम्ही बाजूला ठेवला. आपल्या देवस्थानांचे जीर्णोद्धार झाले नसते तर त्यांतील किती उभी राहिली असती? कौले जाऊन तांब्याचा पत्रा आला, तेलाच्या दिव्यांच्या जोडीला वीज आली, विहिरीवर पंप आला; आणि देव तोच राहिला. गाडीचेही तसेच. वीस वर्षांत तिचे टायर, ब्रेकचे गुटके, बॅटरी, काचा कितीदा बदलल्या असतील. तरी काकासाहेब तिला 'आपली जुनी गाडी' असेच म्हणतात. वस्तूचे एकपण तिच्या सुट्या भागांत नसून तिच्या कामात असते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की जो भाग आपण काढतो त्याचे काम नेमके कोणते, हे आपण ओळखले आहे काय?

येथेच आमच्या विचाराला पहिली ठेच लागली. गावातील एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही विचारावयास गेलो. त्यांनी जमिनीवर बसून, काडीने मातीत आकृती काढून आम्हांस एक गोष्ट समजावून दिली, ती आम्ही कधी विसरणार नाही. या गाडीचा पुढचा आस पाट्यांवर आहे. आपण समजतो की पाट्याचे काम भार वाहणे. पण तो आणखी एक काम करीत असतो. आस पुढेमागे वा आडवा सरकू नये म्हणून त्याला तोच धरून ठेवतो. ब्रेक मारला की चाकाला जी पिरगळ बसते ती पाटाच सोसतो. रबराचा फुगा भार उचलील, पण त्याला धरून ठेवता येत नाही. म्हणून पाटा काढला की आसाला बांधून ठेवणारे दांडे निराळे बसवावे लागतात, त्यांचे सांधे सांगाड्याला अचूक जागी जोडावे लागतात, आणि त्यात तसूभर चूक झाली तर खड्ड्यात चाक उसळताच सुकाणू आपोआप वळू लागते. ज्या गाड्यांना पुढे वेटोळ्याची स्प्रिंग असते त्यांचे निराळे. तेथे चाकाला धरणारे बाहू मुळातच वेगळे असतात, आणि वेटोळ्याच्या जागी फुगा बसविणे त्या मानाने सोपे असते. परदेशी चित्रांतल्या गाड्या बहुधा तशा असतात. त्यांतही शॉकॲब्सॉर्बर दुसरीकडे हलवावा लागतो, फुगा कोठे घासत नाही ना हे चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहावे लागते, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना हे तपासावे लागते. "भार कोणीही उचलील हो," मिस्त्री म्हणाले, "धरून कोण ठेवणार ते आधी ठरवा."

हे वाक्य ऐकताना आम्हांस आमच्या कोकण-गोव्याकडील पालख्या आठवल्या. काही ठिकाणी पालखी खांद्यावरून नेण्याऐवजी सजविलेल्या वाहनातून नेण्याचा विचार निघतो. माणसे कमी झाली, वाट लांबली, वृद्धांना झेपत नाही, ही कारणे खोटी नाहीत. पालखीचे काम देवाला एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेणे एवढेच असेल, तर वाहन ते काम अधिक सुखाने करील. परंतु पालखी आणखी एक काम करीत असते. ती चार घरांतील चार खांदे एका दांडीखाली आणते. ज्यांची वर्षभर बोलाचाली नसते तेही त्या घटकेला एकमेकांच्या पावलांशी पाऊल जुळवितात, कारण न जुळविल्यास देव हिंदकळतो. खांदा काढून घ्यावयाचा असेल तर घ्यावा. आम्ही त्याला पाप म्हणणार नाही. परंतु भार वाहणारी नवी सोय करताना, धरून ठेवणारी निराळी सोयही केली पाहिजे. ती न करता केवळ सोय म्हणून जुने काढले, तर ब्रेक मारण्याची वेळ येईपर्यंत काहीच बिघडलेले दिसत नाही.

दुसरा विचार याहून गंभीर होता, आणि तो मागच्या चाकांविषयीचा होता. पिकअपमधील मालाचा बहुतेक भार मागच्या आसावर पडतो. पाटा भाराखाली वाकतो, आणि तो वाकलेला कोणालाही दिसतो. गाडीचे मागचे अंग खाली बसले की रस्त्यावरचा शेतकरी, नाक्यावरचा शिपाई, मागून येणारा ट्रकवाला, सर्वांना कळते की हिच्यावर झेपेल त्याहून अधिक लादले आहे. हवाफुग्यात मात्र थोडी हवा अधिक भरली की गाडी पुन्हा सरळ उभी राहते. पाहणाऱ्याला वाटते, सर्व ठीक आहे. वस्तुतः काहीच ठीक झालेले नसते. ब्रेक तेवढेच राहतात, आस तेवढाच राहतो, टायरांची सहनशक्तीही तेवढीच. हवेने उंची वाढविली, बळ वाढविले नाही.

या रस्त्यावर ही गोष्ट काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तिरला ठाण्याच्याच हद्दीत, सोयाबीनच्या कापणीहून मजुरांना परत नेणारी एक पिकअप रस्त्याच्या कडेला थांबली असता मागून टँकर येऊन आदळला आणि सहा जणांचे प्राण गेले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस याच राज्यात दिंडोरी जिल्ह्यातील घाटात कार्यक्रमाहून परतणाऱ्या लोकांची पिकअप उलटली आणि चौदा माणसे मृत्यू पावली. या दोन्ही अपघातांचा हवाफुग्यांशी काही संबंध नव्हता, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. पण मालासाठी केलेल्या गाडीत माणसे दाटीवाटीने उभी असतात, आणि काही अघटित घडले की त्यांना धरावयासही काही नसते, एवढे या दोन्ही घटनांतून कळते. अशा मुलखात भार झाकण्याची सोय कोणी आपल्या गाडीला करू म्हणत असेल, तर त्याला 'गाडी माझी, पैसा माझा' हे उत्तर पुरेसे नाही. रस्त्यावर समोरून येणारा मनुष्य आपल्या गाडीच्या सुकाणूवर आणि ब्रेकवर विश्वास ठेवून येत असतो. त्याने आपली गाडी पाहिलेली नसते, तपासलेली नसते. तो विश्वास म्हणजे त्याने न मागता दिलेले ऋण होय.

कायद्याचेही मूळ येथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे बंधन आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, रंग बदलणे वा किरकोळ जोडकाम करणे निराळे, पण मूळ नमुन्याच्या रचनेहून भिन्न गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, या अर्थाचा निर्णय दिला. काहींना हा हौशी कारागिरांवर अन्याय वाटतो. आमच्या मते त्यामागील कारण सरळ आहे. धार जिल्ह्यातच पीथमपूरजवळ वाहनांची परीक्षा घेणारी मोठी राष्ट्रीय संस्था आहे, तेथील ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला. कारखान्यात जन्मलेला नमुना अशा ठिकाणी हजारदा आपटून, वळवून, थांबवून पाहिला जातो. पिंपळाखाली जोडलेल्या फुग्याची परीक्षा कोण घेणार? ती पहिल्या घाटात, पहिल्या पावसात, रस्त्यावरच होणार, आणि परीक्षेला बसणाऱ्यांत अनोळखी माणसेही असणार.

हे सर्व आम्ही संध्याकाळी ओटीवर बसून सांगितले. काकासाहेबांचा चेहरा उजळला. वाद जिंकला असेच त्यांना वाटले असावे. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि मग अत्यंत नम्रपणे त्याने जे विचारले त्याने आमची पंचगिरी डळमळली.

तो म्हणाला, "पाटा खरे बोलतो म्हणता, मग आपल्या गाडीचे मागचे पाटे मोजून या. कारखान्याने दिले त्याहून दोन अधिक आहेत. काकांनीच घालून घेतले, बसू नये म्हणून. आणि परवा अंबिकेच्या दर्शनाला आपण सगळे कशातून गेलो?"

आम्ही खाली पाहिले. अमझेऱ्याच्या अंबिकेच्या दर्शनास आम्ही गेलो होतो, ते याच पिकअपच्या मागील हौद्यात सतरंजी अंथरून. घरचे, शेजारचे, वाटेत भेटलेले, असे किमान वीस जण असू. रुक्मिणीहरणाची कथा जेथे घडली असे लोक मानतात त्या देवळाकडे जाताना कोणीतरी भजन म्हणत होते आणि आम्हीही टाळ्या वाजवीत होतो. गाडी खाली बसलेली दिसत नव्हती. दोन अधिक पाट्यांनी आमचा भार रस्त्यापासून झाकला होता. जो दोष आम्ही हवेच्या माथी मारीत होतो तो लोखंडाकडून आधीच घडवून घेतला गेला होता, आणि त्याचे सुख आम्ही स्वतः भोगले होते.

पुतण्या पुढे म्हणाला, "फुग्याला दाबमापक लावतात. भार जितका, तितका दाब. काटा पाहिला की गाडीवर किती ओझे आहे ते किलोच्या अंदाजाने कळते. पाट्याला असा काटा आहे का?"

हे त्याचे म्हणणे निखालस खरे आहे. हवाउशीतील दाब हा भाराच्या प्रमाणात वाढतो, आणि मोठ्या मालवाहू गाड्यांत याच तत्त्वावर ओझे मोजण्याची उपकरणे बसविलेली असतात. म्हणजे जी हवा बाहेरच्यापासून भार लपवू शकते, तीच हवा आतल्या मनुष्याला तो अधिक अचूक सांगूही शकते. पाटा सर्वांना थोडेसे सांगतो. काटा एकट्या चालकाला नेमके सांगतो. मग खरे कोण अधिक बोलते?

त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही. विचार करता करता असे ध्यानात आले, की सत्य आणि असत्य हे लोखंडात किंवा हवेत नसतेच. कोणतेही साधन भार सोसण्यासाठीही वापरता येते आणि भार झाकण्यासाठीही. त्यांतील फरक ओळखण्याची खूण एवढीच, की सोसण्याची सोय वाढविताना आपण मोजण्याची सोयही वाढविली काय, आणि ते माप जेथे इतरांना दिसेल तेथे ठेवले काय. आपल्या सार्वजनिक संस्थांतही हेच आढळते. देणगीचा ओघ वाढला, उत्सव मोठा झाला, गर्दी दुप्पट झाली, की आपण मांडव मोठा करतो. पण हिशेबाचा फलक, बाहेर पडण्याच्या वाटा, पाण्याची व औषधाची सोय ही त्या प्रमाणात वाढविली नाही, तर आपण दोन पाटे अधिक घातले एवढेच झाले. गाडी सरळ दिसते. रथोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की रथाचा दोर ओढणारे शेकडो असतात, पण चाकाखाली लाकडी पाचर सारणारे दोघेचौघेच. रथाचा झोक ओळखून योग्य क्षणी पाचर घालणाऱ्या त्या मनुष्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत नसते. रथ जितका उंच, तितका तो मनुष्य जाणता हवा.

समुद्राकाठच्या आमच्या वाचकांस एक उदाहरण जवळचे वाटेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही जहाजमालक जुनी गलबते वाजवीपेक्षा फार लादून समुद्रात धाडीत. बुडाली तर विमा मिळे, आणि खलाशी मात्र तळाशी जात. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने याविरुद्ध रान उठविले आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणे भाग पडले. पाणी त्या रेषेवर चढले की ओझे अधिक झाले, हे बंदरावर उभ्या असलेल्या पोरालाही कळावे. त्या रेषेने जहाजाचे बळ तिळभरही वाढले नाही. तरीही असंख्य प्राण वाचविणारे ते एक साधे रंगकाम होते, कारण त्याने भार उघडा पाडला.

सकाळी आम्ही आमचा निवाडा सांगितला. या गाडीच्या पुढच्या आसाला फुगे बसवू नयेत. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर तिची रचना त्यांच्यासाठी नाही, ते काम तपासणारे कोणी येथे नाही, आणि कायद्याची संमती नाही. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकची एक अत्यंत उंची मोटार कारखान्यातूनच हवाउशा घेऊन निघाली होती. पण उशा गळत, गाडी रात्रीतून खाली बसे, आणि पुढे पुष्कळ मालकांनी त्या काढून पोलादी स्प्रिंगा बसविल्या. निष्णात कारखान्यालाही जे एका दमात साधले नाही, ते आपण अंगणात करू नये. पुतण्याच्या पाठीचे दुःख मात्र खरे आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे हा अधर्म होय. म्हणून पुढचे थकलेले पाटे नवे घालावेत, त्यांचे बुश बदलावेत, शॉकॲब्सॉर्बर नवे बसवावेत, आणि चालकाची बैठक चांगल्या गादीची करावी. फुग्यांसाठी जमविलेल्या रकमेतून हा खर्च निघावा. इतके काकासाहेबांना रुचले.

दुसरा भाग त्यांना रुचणार नव्हता, आणि तो सांगताना आमचीही जीभ जड झाली. मागे घातलेले दोन अधिक पाटे काढावेत. कारखान्याने कागदावर जो भार लिहून दिला आहे तेवढा एकदा काट्यावर तोलून गाडीत भरावा, गाडी सपाट जागी उभी करावी, आणि मागच्या चाकावरील पत्रा ज्या उंचीवर येईल ती उंची ध्यानात ठेवून तेथे पांढरी रेघ मारावी. त्या रेघेखाली गाडी कधी बसू देऊ नये. माणसांसाठी मात्र अशी कोणतीही रेघ नाही. ती मालाच्या गाडीत नेऊच नयेत.

काकासाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आणि मजूर? कापणीला मजूर शेतावर कसे आणायचे? बस काय बांधापर्यंत येते?" या प्रश्नाला आमच्यापाशी सोपे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. बसभाड्याचा खर्च मजुरीवर चढेल, शेतमालाच्या भावावर चढेल, आणि तो द्यावयास कोणी उत्सुक नसेल, हे आम्हांस समजते. तथापि तो खर्च आजही कोणीतरी देतच आहे. हौद्यात उभा राहणारा देतो. त्याच्या वतीने तो देण्याचे आपण ठरविले, तर तो आपल्या हिशेबाच्या वहीत येईल आणि आपल्याला टोचेल. टोचू नये म्हणून तो वहीबाहेर ठेवणे हे आम्हांस उचित वाटत नाही. एवढेच आम्ही म्हणालो. आग्रह धरला नाही. आम्हीही त्या हौद्यात बसून आलो होतो.

पुढे दीड महिन्याने पुतण्याचे पत्र आले. पुढचे पाटे नवे झाले, पाठ बरी आहे, आणि मागचे दोन पाटे घराच्या मागल्या भिंतीशी टेकवून ठेवले आहेत असे त्याने कळविले. रेघ त्याने स्वतःच्या हाताने मारली. काकासाहेबांनी ती पाहून काही म्हटले नाही. पण गव्हाच्या पेरणीला खताच्या गोण्या आणताना ते स्वतः चाकाशी वाकून उभे राहिले, आणि सहा गोण्या उतरवून ठेवा म्हणाले. चैत्रात पुन्हा अमझेऱ्यास जाण्याचे ठरते आहे. त्यासाठी धारहून एक लहान बस सांगितली असून माणशी किती भाडे पडेल हे त्याने पत्राच्या शेवटी लिहून आमचाही वाटा कळविला आहे. तो आम्ही पाठवून दिला.